रस्त्याकडेची झाडं, त्यांची आळी आणि पावसाळा

बकुळवेडी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भागात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. फांद्या छाटणारी गाडी येते, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हे झाड धोकादायक आहे, काढून टाका' असे निरोप फिरायला लागतात.

यंदा आमच्या गल्लीतला (माटुंगा पूर्व) एक जुना पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) पहिल्याच जोरदार पावसात आडवा झाला. रात्रीची वेळ होती म्हणून कोणाला लागलं नाही, दोन गाड्या तेवढ्या चेपल्या. सकाळी जो तो म्हणत होता, "म्हातारं झालं होतं, आतून पोकळ असणार." मी जवळ जाऊन बघितलं. अग्निशमन दलाने कापलेले ओंडके तिथेच पडले होते आणि सगळे आतून भरीव होते. पोकळ काही नव्हतं. मग बुंध्याकडे गेले. जमिनीतून उपटून वर आलेला मुळांचा गठ्ठा कॅरमबोर्डाहून फार मोठा नव्हता. चार मजली इमारतीच्या गच्चीला टेकलेलं झाड, आणि त्याला धरून ठेवायला एवढीच मुळं! रस्त्याच्या बाजूची मुळं तर एका सरळ रेषेत कापलेली होती. टोकं काळी पडून मऊ झालेली, नखाने भुगा निघत होता. याच रेषेत मागे केबलसाठी चर खणला होता. बाकीच्या तीन बाजूंना पेव्हर ब्लॉक, थेट सालीला भिडवलेले.

पाऊस निमित्त झाला. झाड उभं राहायची सोय आपण आधीच काढून घेतली होती.

२०१८ च्या वृक्षगणनेप्रमाणे मुंबईत २९ लाख ७५ हजारांच्या आसपास झाडं आहेत. त्यातली रस्त्याच्या कडेची जेमतेम १ लाख ८६ हजार. बाकीची सोसायट्यांच्या आवारात, सरकारी जागांत, बागांत. बस स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाला, टोपली घेऊन बसलेल्या भाजीवालीला, शाळेतून चालत घरी येणाऱ्या पोरांना सावली मिळते ती या १ लाख ८६ हजारांची. आणि नेमकी हीच झाडं सगळ्यात हलाखीत जगतात.

दरवर्षी रोपं लावायचे कार्यक्रम होतात, फोटो येतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जे झाड आधीच उभं आहे त्याच्या बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवायला कोणी पुढे येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं होतं की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा. एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट. आपल्या रस्त्यावर फिरून बघा, किती झाडांना वीतभर तरी माती आहे.

तुमच्या भागात कोणी झाडांची आळी (बुंध्याभोवतीची मातीची जागा) मोकळी करून घेतली आहेत का? कशी? आणि पडलेल्या झाडाच्या जागी काय लावावं? सविस्तर लिहा.

---

शीवकर

आमच्याकडेही तेच. बुंध्याभोवती गोल सिमेंटचा ओटा बांधायचा, वर गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. दिसतं टापटीप, आत पाण्याचा थेंब जात नाही.

---

दादरकर

बकुळवेडी, तुमची कळकळ कळते. पण दुसरी बाजू मांडतो. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०० किमीच्या वर गेला होता. तौक्ते वादळात (१७ मे २०२१) मुंबईत दोन हजारांहून जास्त झाडं पडली. २०१७ मध्ये चेंबूरला फिरायला निघालेल्या बाईंच्या अंगावर नारळाचं झाड पडलं आणि त्या गेल्या. आमच्या इमारतीच्या फाटकावर गुलमोहराची भली मोठी फांदी ओणवी झालेली आहे आणि खालून रोज मुलं जातात. मी अर्ज केला तर मला झाडांचा शत्रू ठरवतात. माणसाचा जीव आधी की नाही?

---

बागवान

दादरकर, जीव आधी, यात वाद नाही. आयुष्यभर झाडांचंच काम केलं, आता निवृत्त आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

फांदी ओणवी झाली म्हणजे झाड धोक्याचं, असं नसतं. बघायचं ते वेगळंच. खोड जमिनीला मिळतं तिथे एका बाजूने माती फुगून भेग पडली आहे का, म्हणजे मुळं उचलली जात आहेत का. बुंध्याशी कडक, फळीसारखी बुरशी आली आहे का. ती आली असेल तर आत मुळं कुजायला लागली, समजा. दोन जाड फांद्या फुटतात त्या बेचक्यात उभी चीर आहे का. भर पावसाळ्यात एखाद्या बाजूची पानं विरळ झाली आहेत का. यातलं एक जरी दिसलं तरी फोटो काढून वॉर्डच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करा. झाड कलंडायलाच लागलं असेल तर अर्जाच्या मागे न लागता महापालिकेच्या १९१६ या नंबरला फोन करा.

आता छाटणीबद्दल. माझ्या मते निम्मी झाडं छाटणीने बिघडतात. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीची एक फुगीर वळी असते, हात फिरवला तर लागते. कापायचं ते त्या वळीच्या जरा बाहेर. वळीसकट खोडाला सपाट कापलं तर जखम बुजत नाही, पाणी मुरतं आणि पुढे ढोली होते. आणि हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो, कूज आत उतरते. जड फांदी एका घावात कधीच तोडायची नाही. आधी खोडापासून दीड फुटावर खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप, म्हणजे वजन खाली जातं आणि साल सोलत नाही. उरलेला खुंट शेवटी वळीपाशी काढायचा. हे तीन काप करायला वेळ लागतो. ठेक्याच्या कामात दिवसाला अमुक झाडं संपवायची असतात, त्यामुळे एक काप आणि धाडकन खाली. खालची साल दोन-दोन फूट सोलून निघालेली तुम्ही सगळ्यांनीच बघितली असेल.

दुसरं, एका बाजूची छाटणी. इमारतीच्या बाजूच्या फांद्या रहिवासी तक्रार करून काढून घेतात, रस्त्याकडच्या तशाच राहतात. सगळा भार रस्त्याकडे. आणि केबलचा चर खणताना मुळं तुटतात तीही बहुतेक रस्त्याकडचीच. मग ते झाड कुठे पडणार ते सांगायला नको.

तुमच्या गुलमोहराचं म्हणाल तर त्याचं लाकूड ठिसूळच. लांब आडवी फांदी टोकाकडून थोडी हलकी करून घ्या. शेंडाच उडवू नका. शेंडा उडवलेल्या झाडाला जे नवे फुटवे येतात ते वरवरचे असतात, तीन-चार वर्षांत जड होतात आणि तेच पहिल्यांदा कोसळतात.

---

दादरकर

धन्यवाद काका. हे इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. उद्या बुंधा बघून येतो.

---

हिरवाचाफा

चांगला धागा. पण पडलेली झाडं कुठली ते बघा ना. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला, सोनमोहरही बाहेरचाच. ही झाडं भरभर वाढतात, लवकर सावली देतात आणि तेवढीच लवकर मोडतात. दहा-बारा वर्षांपूर्वी पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड) पडून किती पर्जन्यवृक्ष उभ्या उभ्या वाळले ते आठवत असेल. माझं मत स्पष्ट आहे: यापुढे रस्त्यावर फक्त देशी झाडं लावा. ताम्हण आपलं राज्यफूल आहे, पण मुंबईत ते ओळखणारी माणसंसुद्धा थोडीच.

---

बकुळवेडी

हिरवाचाफा, नवीन लावताना देशीच लावावं, एकदम मान्य. पण जुन्या पर्जन्यवृक्षांना 'परदेशी' म्हणून कमी लेखू नका. हिंदू कॉलनीतून किंवा फाइव्ह गार्डन्सच्या बाजूने भर मे महिन्यात दुपारी एकदा चालून बघा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर लोक तासन्‌तास बसू शकतात ते कोणाच्या जिवावर? रस्त्याच्या दोन्ही कडांनी एकमेकांना मिळणारी अशी छत्री बकुळीची होणार नाही. बकूळ माझी सगळ्यात लाडकी असूनही सांगते. ही झाडं गेली तर तेवढी सावली परत मिळायला दोन पिढ्या जातील. तोवर त्यांची मुळं वाचवणं आपल्या हातात आहे.

आणि परवा पडलेलं झाड परदेशी होतं म्हणून पडलं नाही. त्या जागी वड असता आणि त्याची एका बाजूची मुळं अशी कापली असती तर तोही पडला असता.

---

वर्सोवेकर

समुद्राजवळच्या रस्त्यांसाठी काय लावावं? आमच्याकडे खारा वारा, खाली भरावाची जमीन. कडुनिंब लावले होते, समुद्राकडची पालवी दरवर्षी करपते.

---

बागवान

वर्सोवेकर, तुमच्याकडे उंडी लावा. किनाऱ्याचंच झाड आहे, बारमाही हिरवं, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही. वाढतं मात्र सावकाश. भेंडही चालेल, पिवळी फुलं येतात आणि खारवट जमीन सोसतो. जागा ऐसपैस असेल तर देशी बदाम. करंजही किनाऱ्यावर तग धरतो आणि त्याची सावली दाट. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडतात, पण ऊन तापेपर्यंत नवी पालवी येते, म्हणून रस्त्यासाठी मला करंज फार आवडतो.

---

गिरगावचा_अप्पा

आमच्या रस्त्याला फुटपाथच सहा फुटांचा, वर दुकानांचे बोर्ड, डोक्यावर वायरी. इथे काही लागेल का? बहावा लावावा असं मंडळाच्या मनात आहे. फुलतो तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटतं.

---

बागवान

अप्पा, बहावा जरूर लावा, पण सावलीची अपेक्षा ठेवू नका. ऐन उन्हाळ्यात तो फुलांवर असतो, पानं नसतातच. पादचाऱ्याला सावली हवी असेल तर अरुंद जागेला बकूळ किंवा पुत्रंजीव. दोन्ही बारमाही हिरवी, लाकूड चिवट, मुळं फरशी उचकटत नाहीत. रोप लहान असतानाच खालच्या फांद्या हळूहळू काढत खोड आठ फुटांपर्यंत मोकळं करत न्यायचं, म्हणजे पुढे दुकानाचा बोर्डही दिसतो आणि करवतीची पाळीही येत नाही. दुकानदाराला सुरुवातीलाच विश्वासात घ्या. ज्याच्या दारात झाड आहे तो मनावर घेईल तर झाड जगतं. त्याच्या मनात नसेल तर बुंध्याशी काय काय ओततात ते मी बघितलेलं आहे.

सीता अशोक कितीही सुंदर असला तरी तापलेल्या रस्त्यावर लावू नका, त्याला ओल आणि आडोसा लागतो. काटेसावर मैदानात लावा. वड, पिंपळ, उंबर अरुंद फुटपाथवर नकोत, त्यांना जागा द्यायची तर सढळ द्यावी. सातवीण गेल्या काही वर्षांत सगळीकडे लावली गेली, वाढते झपाट्याने पण लाकूड हलकं, आणि फुलल्यावर त्या उग्र वासाने काहींना त्रास होतो.

---

चालणारी

एक मुद्दा कोणी मांडला नाही. माझ्या आईला वॉकर घेऊन चालावं लागतं. चार फुटांच्या फुटपाथवर तीन फुटांचं आळं केलं की तिला रस्त्यावर उतरावंच लागतं, आणि उतरायची उंची तिला झेपत नाही. आळ्याची कडा वर काढलेली असली तर ठेच लागते ती वेगळीच. झाडं मलाही हवी आहेत. पण तिने चालायचं कुठून?

---

बकुळवेडी

ताई, हा मुद्दा फार महत्त्वाचा आणि बरोबर आहे. आळ्याला उंच कठडा नकोच. त्याने पाणीही बाहेर राहतं. फुटपाथवरचं पावसाचं पाणी वाहत आळ्यात जायला हवं, म्हणजे कडा फुटपाथच्या पातळीला. त्यावर भोकांची लोखंडी किंवा काँक्रीटची जाळी दोन अर्ध्या तुकड्यांत बसवायची, मधलं भोक खोड वाढेल तसं मोठं करता येईल असं. जाळीवरून वॉकर जातो, खाली हवा-पाणी जातं. जाळीला पैसे नसतील तर आळ्यात जाड खडी समपातळीत भरायची. वॉकरला ती तितकी सोयीची नाही, पण ठेच तरी लागत नाही.

आणि फुटपाथ खरंच चार फुटांचा असेल तर झाडाची जागा पार्किंगच्या पट्ट्यात काढावी. दोन गाड्यांच्या मध्ये चार बाय चारचा एक चौकोन. रस्ता नव्याने बांधतात तेव्हाच हे करता येतं आणि सध्या मुंबईभर रस्ते काँक्रीटचे होत आहेत. या वेळी जागा सोडली नाही तर पुढची कितीतरी वर्षं तिथे कुदळ लागणार नाही.

---

चालणारी

पार्किंगच्या पट्ट्यातली कल्पना पटली. पण एक गाडी कमी म्हटलं की सोसायटीत काय होतं ते तुम्हालाही माहीत असेल. तरी बैठकीत मांडते.

---

मुलुंडकर

आम्ही काही जणांनी मिळून आमच्या रस्त्यावर झाडं जगवली आहेत, त्यावरून लिहितो.

फुटपाथवर मनाने खड्डा खणू नका. खाली वीज, गॅस, पाणी सगळं असतं. उद्यान विभागाकडे जागा दाखवा, ते बघून सांगतात. खड्डा तीन बाय तीन फूट, तेवढाच खोल. खणलं की मुंबईत माती निघतच नाही, विटांचे तुकडे, प्लास्टिक आणि सिमेंटचा राडा निघतो. तो सगळा बाहेर काढून लाल माती आणि कुजलेलं शेणखत भरलं. ओलं शेण टाकू नका, वाळवी येते.

रोप वीतभर नको. रस्त्यावर आठ-दहा फुटांचं, मनगटाएवढ्या खोडाचंच टिकतं. पिशवी पूर्ण फाडून काढायची. मुळं पिशवीत गोल गोल फिरली असतील तर कात्रीने सोडवायची, नाहीतर ती मोठी होऊन झाडाचाच गळा आवळतात. खोडाचा मातीत गाडला जाणारा भाग नर्सरीत होता तेवढाच ठेवायचा, जास्त खोल नाही. दोन बांबू दोन बाजूंना, सुतळी आठच्या आकड्यात सैल. जूनअखेर, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावायचं.

खरी परीक्षा ऑक्टोबरनंतर. पाऊस संपला की सगळे विसरतात आणि रोप नोव्हेंबर ते मे या काळात मरतं. आठवड्यातून दोनदा, एका वेळी दोन बादल्या, अगदी हळू. रोज तांब्याभर घालून उपयोग नाही, मुळं वरच राहतात. निदान दोन उन्हाळे, जमलं तर तीन. आम्ही इमारतींच्या वॉचमनना आणि इस्त्रीवाल्यांना बरोबर घेतलं. झाडाखाली उभं राहून धंदा करायचा आहे हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. एसीचं गळणारं पाणी चालतं. आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी मात्र रोपाला नेहमी देऊ नका, त्यात क्षार असतात. पालापाचोळा झाडून नेऊ देऊ नका, आळ्यातच पसरा, ओल टिकते.

आणि लोखंडी ट्री गार्ड. तीन वर्षांनी काढायचा असतो, काढायला कोणी येत नाही. आमच्या रस्त्यावर एका झाडाची साल जाळीच्या सळीवरून पुढे वाढली होती, सळी खोडात दोन बोटं आत. शेवटी वेल्डरला बोलावून दोन्ही बाजूंनी कापली, आतला तुकडा तसाच राहू दिला. ओढला असता तर सालच आली असती.

---

शीवकर

आमच्याकडे ट्री गार्ड नाहीत, पण क्लासच्या जाहिराती खिळ्यांनी ठोकतात. आणि दिवाळीत दिव्यांच्या माळा गुंडाळतात, त्या वर्षभर तशाच. यावर काय करता येतं?

---

बागवान

१९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येतच झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. त्यामुळे तक्रार करायला आधार आहे. जाहिरातीवर फोन नंबर असतोच, फलकाचा फोटो अर्जाला जोडा. खिळे काढताना हातोडीच्या मागच्या बाजूने खोडाला टेकू देऊन उपटू नका, साल चिरडते. मध्ये लाकडाची पट्टी ठेवा. माळा कापून काढायच्या, ओढायच्या नाहीत.

२०२१ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानायची तरतूद आली. माटुंगा-दादरची कितीतरी झाडं त्यात बसतील. तुमच्या गल्लीत उरलेल्या झाडांबद्दल अर्ज करताना हे जरूर लिहा.

---

हिरवाचाफा

बकुळवेडी, पडलेल्या झाडाच्या जागी काय लावणार आहात?

---

बकुळवेडी

माझ्या मनात ताम्हण आहे, तुम्ही म्हणालात म्हणून आणखी वाटतंय. एप्रिल-मेमध्ये जांभळा बहर येतो आणि पानंही असतात. पण बागवान काकांना विचारायचं आहे, त्याच खड्ड्यात लावलं तर चालेल का? जुना बुंधा अजून जमिनीतच आहे.

---

बागवान

त्याच जागी नको. जुनी मुळं कुजताना त्यांच्यावर बुरशी वाढते आणि जमीन खचतही राहते. चार-पाच फूट सरकून नवा खड्डा घ्या. जुना बुंधा उपटून न्यायला सांगा, नाहीतर तिथे पेव्हर ब्लॉक बसतील आणि झाडाची जागा कायमची गेली. ताम्हण चांगला, त्याला पाणी मात्र भरपूर लागतं. पहिले दोन उन्हाळे हयगय नको.

---

बकुळवेडी

सोमवारी वॉर्डात जाते आहे. अर्जाचा मसुदा इथे टाकते, ज्यांना हवा असेल त्यांनी रस्त्याचं नाव बदलून वापरा. एक प्रत उद्यान विभागाला, एक परिरक्षण (रस्ते-फुटपाथच्या देखभालीच्या) खात्याला द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.

'महोदय, आमच्या रस्त्यावर पडलेल्या झाडाचा बुंधा मुळांसह काढून, त्यापासून चार-पाच फूट अंतरावर तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन ताम्हणाचे किमान आठ फुटी रोप लावावे. या रस्त्यावरील उर्वरित झाडांच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक व काँक्रीट एक मीटरपर्यंत काढून, आळी फुटपाथच्या पातळीत ठेवावीत व शक्य तेथे जाळी बसवावी. यापुढे या झाडांजवळ चर खणण्यापूर्वी उद्यान विभागाच्या कर्मचाऱ्यांनी जागेवर हजर राहून मुळांची पाहणी करावी. नवीन रोपास पहिले तीन उन्हाळे पाणी घालण्याची जबाबदारी खाली सही करणारे रहिवासी घेत आहेत. झाडांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.'